बाटलीच्या बुचापेक्षा हलकं बीड (ओतीव लोखंड): आमचा माल नेणाऱ्या वाहतूक कंपनीला खुलं पत्र

माननीय व्यवस्थापक आणि बिलिंग विभागप्रमुख यांस,
स. न.

तुमच्या कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. भांडण काढायचं नाही, आणि यातलं बरंचसं इतर कंपन्यांनाही लागू पडेल. तुम्हाला मात्र पत्र कुणासाठी आहे ते पहिल्या डॉकेटवरच, म्हणजे माल नेल्याच्या पावतीवरच, कळेल.

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, डिस्पॅच आणि हिशेब बघते. या कामाला एकोणीस वर्षं झाली. पंपाच्या केसिंग, ब्रॅकेट, फ्लायव्हील असा आमचा माल कोइमतूर, राजकोट, चाकण, लुधियाना असा जातो आणि त्यातला बराचसा तुमच्या गाड्यांतून जातो. भाड्याचे पैसे मालकांच्या खात्यातून जात असले तरी बिलावर "तपासले" अशी सही माझी असते. त्या सहीपोटीच हे पत्र.

मे महिन्यात तुमचं परिपत्रक आलं. 1 जूनपासून बिल फक्त पोर्टलवर, पीडीएफ स्वरूपात मिळेल. डॉकेटवार तपशिलाची एक्सेल फाइल बंद. बिल पोर्टलवर चढल्यापासून सात दिवसांत हरकत आली नाही तर बिल मान्य आहे असं धरलं जाईल. थकबाकी दिसली, मग ती वादातली का असेना, तर नवीन बुकिंग आपोआप थांबेल. मालकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बघा मॅडम, आता काय म्हणताहेत."

आधी एक कबुली देते, म्हणजे ही बाई कागदाला चिकटून बसणारी आहे असं तुम्हाला वाटायला नको. ऑनलाइन बिलाला माझा विरोध नाही. कागदी बिल यायचं तेव्हा दीडदोनशे डॉकेटांतली वीस-पंचवीस उचलून बघायची आणि बाकीच्यांवर देवाचं नाव घेऊन सही करायची, असंच चालायचं. सगळी तपासायला वेळच नसायचा. गेल्या वर्षी तुम्ही डॉकेटवार फाइल द्यायला लागलात आणि पहिल्यांदा सगळीच्या सगळी तपासता आली. एका बाजूला तुमची फाइल, दुसऱ्या बाजूला आमचं डिस्पॅच रजिस्टर, काट्याच्या पावत्या आणि रेट काँट्रॅक्ट. एक दुपार पुरायची. तुमच्या त्या फाइलीचं मी चार फौंड्र्यांत कौतुक केलं होतं.

जानेवारी ते मार्चची बिलं अशीच तपासली. 612 डॉकेट, साधारण 9 लाख 40 हजारांचं भाडं. त्यात 58,300 रुपये जास्त लागले होते, म्हणजे शंभरातले सहा रुपये. तुमच्यासाठी रक्कम किरकोळ असेल. आमच्याकडे फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बसणाऱ्या तीन माणसांचा तो महिन्याचा पगार आहे.

आता काय काय सापडलं ते सांगते.

सगळ्यात आधी कोइमतूरचं डॉकेट. लाकडी खोकं, आत पंपाच्या केसिंग, काट्यावर वजन 148 किलो. खोक्याचं माप 24 बाय 18 बाय 12 इंच. आमच्या डिस्पॅचच्या पोरानं टेप उलटा धरला आणि सेंटिमीटरच्या बाजूनं वाचून 61, 46, 30 असं लिहिलं. पुढं "सेंमी" असंही लिहिलं. तुमच्या सिस्टिमनं आकडे उचलले आणि सेंमी तिथंच सोडलं. तिच्या लेखी ते इंच. घनफूट काढायला 1728 नं भागतात, ते भागलं. तीन घनफुटांचं खोकं पावणेएकोणपन्नास घनफुटांचं झालं. काँट्रॅक्टप्रमाणे घनफुटाला 10 किलो धरून आकारमानाचं वजन झालं 487 किलो, आणि ते काट्याच्या वजनापेक्षा जास्त म्हणून भाडं त्यावरच लागलं. किलोला 9 रुपयांनी 1,332 च्या जागी 4,383 रुपये भाडं.

चूक दोघांची. टेप उलटा धरणारा पोरगा आमचाच. पण जरा विचार करा. भरीव बिडाचा एक घनफूट तुकडा दोनशे किलोच्या घरात भरतो. आत पोकळी धरा, खोक्याची लाकडं धरा, तरी घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास वजन येतंच. तुमच्या बिलानुसार आमच्या मालाचं वजन घनफुटाला तीन किलो पडलं. बाटलीचं बूच याहून जड असतं! फौंड्रीच्या मालाला आकारमानाचं वजन काट्याच्या वजनापेक्षा जास्त येऊच शकत नाही. इतकी साधी गोष्ट तुमच्या गोडाउनातल्या कुठल्याही हमालानं खोकं उचलताना सांगितली असती. सिस्टिमला ती कुणी शिकवलीच नाही. अशी सहा डॉकेट निघाली, मिळून 18,300 रुपये.

दुसरी गोष्ट गोकुळ शिरगाव कुठं आहे याची. सतरा डॉकेटांवर "डिलिव्हरी क्षेत्राबाहेर" म्हणून प्रत्येकी 750 रुपये लागलेत, 12,750 रुपये. आमच्या गेटातून पुणे-बंगळूर हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. तुमची गाडी रोज संध्याकाळी याच एमआयडीसीत फिरते, आमच्याकडून निघून शेजारच्या फौंड्रीत जाते. मग आम्ही क्षेत्राबाहेर कसे? गंमत म्हणजे त्याच गेटातून, त्याच पिनकोडवरून, त्याच ई-वे बिलाच्या पत्त्यावरून गेलेल्या बाकीच्या डॉकेटांवर हा आकार नाही. शाखेत विचारलं तर तिथले दादा म्हणाले, "ताई, वरून मास्टरमध्ये बदल झालाय, आमच्या हातात काही नाही." मास्टर कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दुबार बिल. जानेवारीच्या बिलात आलेली आठ डॉकेट मार्चच्या "पुरवणी बिला"त पुन्हा आली. नंबराच्या आधी एक शून्य वाढलं होतं, तेवढाच फरक. माणसाला ते एकच डॉकेट दिसतं, यंत्राला दोन. फाइल होती म्हणून मी शून्यं काढून नंबर जुळवले आणि 15,250 रुपये सापडले. पीडीएफमध्ये हे डोळ्यांनी शोधायचं म्हणजे तीन महिन्यांची बिलं शेजारी ठेवून सहाशे नंबर वाचत बसायचं.

इंधन अधिभाराचं दुखणं जुनं आहे. काँट्रॅक्टमध्ये स्वच्छ लिहिलंय की 12 टक्के अधिभार मूळ भाड्यावर. तुम्ही तो डॉकेट चार्ज, हाताळणी आणि क्षेत्राबाहेरचा आकार या सगळ्यांवर लावता. तीन महिन्यांत या वरच्या आकारांची बेरीज लाखभर झाली, म्हणजे 12,000 रुपये नुसते अधिभारावरच्या चुकीचे. डॉकेट चार्जला कुठलं डिझेल लागतं? आणि 15 मार्च 2024 ला डिझेल लिटरमागं 2 रुपयांनी उतरलं तेव्हा तुमचा टक्का जागचा हलला नाही. चढताना मात्र पंधरवड्यात पत्र येतं.

लोडिंग चार्जबद्दल थोडक्यात. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही घोषणा तुम्हा वाहतूकदारांचीच, आणि आम्हाला ती पटते. आमचा माल आमची माणसं भरतात, वाराई, म्हणजे हमाली, आम्ही देतो. मग काही डॉकेटांवर लोडिंगचे पैसे कशाचे?

जीएसटीचा गोंधळ वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. तुम्ही कर स्वतः आकारणार असाल तर तसं जाहीर करून बिलावर तो मजकूर द्यावा लागतो. नसेल तर रिव्हर्स चार्जनं 5 टक्के आम्ही भरायचे. एकाच महिन्याच्या दोन बिलांत दोन पद्धती आल्या की माझ्यासारखीनं काय करायचं? चुकून दोन्हीकडून भरला गेला तर तो सोडवायला वर्ष जातं, आणि सीएची फी वेगळी.

इथं अनेकांचा एक गैरसमज आहे, तोही सांगून टाकते. पोर्टलवर आलेलं बिल म्हणजे "ई-इनव्हॉइस", सरकारच्या यंत्रणेतून तपासून आलेलं, असं आमच्या ओळीतल्या दोन-तीन कारखानदारांना वाटत होतं. तसं नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, पण रस्त्यानं माल नेणाऱ्या वाहतूक एजन्सींना त्यातून सूट आहे. शिवाय सरकारी यंत्रणा तुमचा दर आणि आमचं वजन कधीच बघत नाही. बिल वायरीतून आलं काय आणि पोस्टातून आलं काय, आतला आकडा कुणाच्या तरी काट्याशी आणि काँट्रॅक्टशी ताडून बघावाच लागतो.

माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. हुंडेकऱ्याचा, म्हणजे तेव्हाच्या वाहतूकदाराचा, माणूस महिन्याची बिलं घेऊन यायचा, तेव्हा बाबा त्याला चहा द्यायचे, समोर बसवायचे आणि एकेक पावती काढून गुळाच्या रव्यांची संख्या, वजन, भाडं असं मोठ्यानं वाचायचे. जुळलं की तांबड्या पेन्सिलीची खूण. जुळलं नाही की तिथंच दोघं मिळून चोपडी बघायचे. चूक कधी हुंडेकऱ्याची निघायची, कधी बाबांची. त्या माणसाला यात कधी अपमान वाटलेला मी पाहिला नाही. बिल आणणारा आणि बिल तपासणारा समोरासमोर बसायचे. आता तुमच्या बाजूला बसायला कुणी नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आमचा माल घेतलेली तुमची गाडी किणी टोलनाक्याच्या पलीकडं अडकली. बिलात सहा दिवसांचा थांबा आकार आला. काँट्रॅक्टमध्ये नैसर्गिक आपत्तीला थांबा आकार नाही. मी तुमच्या तेव्हाच्या शाखा व्यवस्थापकांना एक फोन केला. त्यांनी पेनानं ओळ खोडली, सही केली, संपलं. ड्रायव्हरला सहा दिवसांचा भत्ता आमच्या मालकांनी आपणहून दिला, कारण तो बिचारा गाडीतच झोपला होता. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच पाणी, तोच हायवे, तोच आकार. तोवर बिलिंग "सेंट्रलाइज" झालं होतं. क्रेडिट नोट, म्हणजे जास्तीचे पैसे वजा केल्याचा कागद, यायला चार महिने आणि चौदा मेल लागले. एका मेलला उत्तर आलं की पुराचा पुरावा जोडा. कोल्हापुरातल्या माणसाकडं पुराचा पुरावा मागितला!

बरं, तपासणी एकतर्फी नसते. त्या 612 डॉकेटांत तीन अशीही होती की तुम्ही भाडं कमी लावलं होतं, मिळून 2,150 रुपये. तेही मी त्याच यादीत, त्याच मेलमध्ये कळवलं. मालक म्हणाले, "आपण कशाला सांगायचं?" मी म्हटलं, सांगितलं नाही तर उरलेल्या यादीवर त्यांनी विश्वास का ठेवावा?

ती यादी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. दोन आठवड्यांनी 31,050 रुपयांची क्रेडिट नोट आली, त्याबद्दल आभार. खोक्यांचे आणि क्षेत्राबाहेरचे पैसे मिळाले. दुबार बिलं आणि अधिभार "विचाराधीन" आहेत. आणि मे महिन्यात फाइल बंद करणारं परिपत्रक आलं. या दोन्हींचा संबंध आहे असा माझा आरोप नाही. घडलं त्या क्रमानं सांगितलं, एवढंच.

आता त्या सात दिवसांबद्दल. जूनचं बिल शनिवारी रात्री पोर्टलवर चढलं. त्याची सूचना मालकांच्या जुन्या मेलवर गेली, तीही स्पॅममध्ये. मला ती मंगळवारी दिसली. उरले चार दिवस. त्याच चार दिवसांत पगार, पीएफ आणि बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. शेवटी दोन रात्री घरी बसून पीडीएफमधले आकडे हातानं एक्सेलमध्ये टाकले. दहावीतली मुलगी वाचत होती, मी टाइप करत होते. संगणकातून निघालेलं बिल दोन बायांनी वाचून परत संगणकात घालायचं, याला तुम्ही तुमच्या परिपत्रकात "डिजिटल सुलभता" म्हटलंय.

अमेरिकेत ट्रक कंपनीच्या भाड्याच्या बिलावर हरकत घ्यायला कायद्यानं 180 दिवस मिळतात. वाहतूकदाराला आधीच्या बिलाखेरीज वाढीव पैसे मागायचे असतील तर त्यालाही तेवढेच 180 दिवस. दोघांना एकच माप. तिथल्या सरकारनं तर 1998 च्या कायद्यानं स्वतःच्या खात्यांवर बंधन घातलं की वाहतुकीचं बिल पैसे देण्याआधी तपासायचं. आणि तिथं ट्रकवाल्यांची बिलं संगणकातून संगणकात पाठवायचा जो ठरलेला साचा आहे, 210 क्रमांकाचा, त्यात वजन, दर आणि प्रत्येक आकार यांना वेगवेगळी जागा असते. घेणाऱ्याच्या संगणकानं ते स्वतः ताडून बघावं म्हणूनच.

आपल्याकडं भाड्याच्या बिलाला असा खास नियम नाही. पण आपल्याच 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्यात माल हरवला किंवा मोडला तर लेखी नोटीस द्यायला बुकिंगपासून 180 दिवस आहेत. मोडलेल्या केसिंगला सहा महिने आणि मोडलेल्या बेरजेला सात दिवस, हे कुठलं गणित? राहता राहिला 1872 चा करार कायदा. त्याचं कलम 72 सांगतं की चुकून मिळालेले पैसे घेणाऱ्यानं परत करायचे. तुमचं परिपत्रक या कलमापेक्षा मोठं आहे असं मला वाटत नाही.

तेव्हा आमचं मागणं असं.

डॉकेटवार फाइल पुन्हा सुरू करा. त्यात डॉकेट नंबर, तारीख, दोन्ही पिनकोड, मोजलेलं वजन, माप आणि मापाचं एकक, आकारलेलं वजन, दर, आणि प्रत्येक आकार स्वतंत्र रकान्यात हवा. ही माहिती तुमच्याकडं आहेच, तिच्यावरूनच तर बिल बनतं.

हरकतीची मुदत निदान 60 दिवस ठेवा. "गप्प म्हणजे मान्य" हे कलम काढा.

बिलातल्या ज्या डॉकेटांवर वाद नाही त्यांचे पैसे आम्ही वेळेत देऊ. वादातल्या डॉकेटांपायी बुकिंग थांबवू नका. फर्नेस आम्ही तुमच्या पोर्टलला विचारून पेटवत नाही, आणि गिऱ्हाइकाकडं माल उशिरा गेला तर दंड आम्हाला बसतो.

फौंड्रीच्या मालाला आकारमानाचं वजन लावणं बंद करा, काट्याची पावती ग्राह्य धरा. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलच्या औद्योगिक वसाहती तुमच्या त्या मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या मूळ यादीत, एकदाच दुरुस्त करा. अधिभार मूळ भाड्यावरच. जीएसटीची पद्धत वर्षाच्या सुरुवातीला लेखी कळवा आणि वर्षभर तीच ठेवा.

आणि कोल्हापूर शाखेत बिल दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला एक माणूस बसवा. महिन्यातून एक दुपार पुरे. चहा आम्ही पाजू.

हे वाचणाऱ्या इतर फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना एक विनंती. तुमच्या मागच्या तीन महिन्यांच्या बिलांतली डॉकेट नंबराप्रमाणे लावा आणि नंबराच्या आधीची शून्यं काढून बघा. मोठ्या कंपन्या या कामाला बाहेरचे तपासनीस ठेवतात आणि परत मिळालेल्या पैशांतला हिस्सा त्यांना देतात. आपल्याला एकेकट्याला ते परवडणार नाही, पण आठ-दहा जणांनी मिळून एक बी.कॉम. झालेला पोरगा किंवा पोरगी ठेवायला काय हरकत आहे? मी शिकवीन, फी नको.

जूनच्या बिलात 196 डॉकेट होती. 183 बरोबर निघाली, त्यांचे पैसे सहाव्या दिवशी तुमच्या खात्यात जमा केले. 13 वर हरकत आहे, त्यांची यादी काट्याच्या पावत्यांसह पोर्टलवर चढवली. अकरा मिनिटांत उत्तर आलं, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." त्या 13 मध्ये कोइमतूरचं एक खोकं पुन्हा आहे. या वेळी पोरानं इंचातच लिहिलं होतं.

आपली,
गोकुळ शिरगावातल्या एका फौंड्रीत डिस्पॅच आणि हिशेब बघणारी